आर्यनला जागा नव्हती

"आई, गाडी मिनर्वाला लावलीये. आर्यनला जागा नव्हती. तू मंडईच्या दाराशीच थांब, मी येते."

गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशीची पुण्यातली मंडई. एका हातात केळीची पानं, दुसऱ्यात केवड्याची पुडी, आणि खांदा व कान यांच्यामध्ये धरलेला फोन. "बरं," म्हणाले आणि तिथेच उभी राहिले. मुलगी गर्दीतून येताना दिसली, तोवर तिचं ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. घरी परतताना तिला विचारलं, "मिनर्वा म्हणजे काय गं?"

"पार्किंग."

"आणि आर्यन?"

"तेही पार्किंगच. का?"

तिचं काही चुकलं नव्हतं. ती सत्तावीस वर्षांची आहे. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी आर्यन टॉकीज बंद पडलं होतं. महापालिकेने दोन्ही वाहनतळांना रीतसर दुसरी नावं दिली आहेत, तशा पाट्याही आहेत. पण मंडईत फुलं विकणाऱ्या मावशींना विचारा, रिक्षावाल्याला विचारा, वाहनतळावर पावती फाडणाऱ्या मुलाला विचारा. सगळे 'आर्यन' आणि 'मिनर्वा'च म्हणतात. ज्यांनी तिथे एकही सिनेमा पाहिला नाही, त्यांच्या तोंडीसुद्धा तीच नावं आहेत.

त्या रात्री आरास झाल्यावर मी तिला सांगत बसले. बोलता बोलता कळलं की मला सांगायचंय ते एका रात्रीत संपणारं नाही.

माझं आजोळ शुक्रवार पेठेत. मंडई तिथून पायी पाच-सात मिनिटांवर. आणि माझा धाकटा मामा सिनेमाचा ऑपरेटर. पेठेतल्या एका टॉकीजमध्ये त्याने आयुष्यातली सदतीस वर्षं काढली. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं आजोळी जायचो, तेव्हा वाड्याच्या चौकात ठिकरी खेळायची घरं आखायला आम्हाला कधी खडू लागला नाही. मामा घरी येताना खिशातून कार्बनचे तुकडे आणायचा. बाहेरून तांब्याचा पातळ पत्रा चढवलेला, आत काळा कुळकुळीत गाभा, बोटभर लांबीचे. फरशीवर ओढला की अशी रेघ उमटायची की पहिला पाऊस पडेपर्यंत आजी ती पुसत बसायची. ते तुकडे म्हणजे काय, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. ज्या उजेडात अख्खं टॉकीज सिनेमा बघत होतं, त्या उजेडाची ती उरलेली थोटकं होती.

पण मामाकडे नंतर येते. आधी आर्यन, कारण पुण्यात सिनेमाचं पहिलं कायमचं घर तेच.

गंगाधर नथुजी पाठक, म्हणजे बापूसाहेब पाठक, यांनी १९१५ साली मंडईजवळ आर्यन सुरू केलं. तो काळ डोळ्यांसमोर आणायला हवा. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला तो ३ मे १९१३ रोजी. म्हणजे आपल्याकडे चित्रपट म्हणून काही तयार होऊ लागल्याला दोन वर्षंही झाली नव्हती. मूकपटांचा काळ. लोकांना नाटक ठाऊक, कीर्तन ठाऊक, तमाशा ठाऊक. अंधाऱ्या खोलीत बसून भिंतीवरच्या सावल्या बघायला पैसे द्यायचे, ही गोष्ट नवी. ती पुण्यात रुजेल असं ज्याला वाटलं आणि त्याने त्यासाठी जागा उभी केली, त्या माणसाचं मला फार कौतुक वाटतं. आणि ती जागाही कुठे, तर मंडईपाशी, जिथे सगळ्या जातीपातींचं, सगळ्या पेठांचं माणूस रोज पिशवी घेऊन येतं.

७ फेब्रुवारी १९२० रोजी आर्यनच्या पडद्यावर 'सैरंध्री' आला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा हा पहिला चित्रपट. त्यासाठी लागणारा कॅमेरा बाबूरावांनी स्वतः कोल्हापुरात बनवला होता. परदेशी यंत्र उघडून, समजून घेऊन, मिस्त्रीकाम करून. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकमान्य गेले. वाहनतळाच्या उतारावरून गाडी खाली घेताना मला दर वेळी हे आठवतं. कीचकाचा वध पाहून घाबरलेले, श्वास रोखून बसलेले ते प्रेक्षक इथेच कुठेतरी होते.

मी आर्यनमध्ये तीन की चार सिनेमे पाहिले असतील. शेवटचा पाहिला तेव्हा शाळेत होते. टॉकीज तेव्हाच म्हातारं दिसायचं. १९८३ साली ते बंद झालं. पण लक्षात राहिलाय तो बाहेरचा वास. मध्यंतरात दार उघडलं की मंडईचा वास आत यायचा. कोथिंबीर, ओल्या गोणपाटाचा कुबट वास, पेरू, आणि दाणे भाजणाऱ्या भट्टीचा धूर. आज मॉलमध्ये सिनेमाला गेलं की लोणी घातलेल्या मक्याच्या लाह्यांचा वास येतो, तोच मुंबईत, तोच नागपुरात. आर्यनमध्ये डोळे मिटून बसवलं असतं तरी मी सांगितलं असतं की ही मंडई आहे.

बाबूराव पेंटरांकडे शिकलेली माणसं पुढे काय करती झाली, हे पुण्याला सांगायला नको. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, धायबर हे चौघे महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने १९२९ मध्ये कोल्हापुरात त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. तिचा एरंडवण्यातला स्टुडिओ म्हणजेच आजची फिल्म इन्स्टिट्यूट. त्या स्टुडिओकडे जाणारा रस्ता प्रभात रोड झाला. आज प्रभात रोडवर घर असणं म्हणजे काय ते पुणेकरांना वेगळं सांगावं लागत नाही, पण त्या पत्त्याच्या मुळाशी प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारी फुंकणारी ती बाई आहे, हे किती जणांच्या मनात येत असेल?

स्टुडिओ झाला, आता आपले चित्रपट दाखवायला आपलं थिएटर हवं. अप्पा बळवंत चौकाजवळ इंदूरच्या सरदार किबे यांच्या जागेत २१ सप्टेंबर १९३४ रोजी प्रभात टॉकीज सुरू झालं. जागा किब्यांची, चालवणारे प्रभातवाले. हा करार ऐंशी वर्षं चालला.

प्रभातबद्दल मी अलिप्तपणे लिहू शकत नाही. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी तिथे सिनेमा पाहिला. आजी कधीही एकटी घराबाहेर पडायची नाही, पण 'संत तुकाराम'ला वाड्यातल्या चौघीजणी मिळून गेल्या होत्या आणि पडद्यावर विष्णुपंत पागनीस दिसले तेव्हा तिने हात जोडले होते. हे ती आम्हाला अनेकदा सांगायची, आणि सांगताना पुन्हा हात जोडायची. १९३६ चा तो चित्रपट पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. आजीला व्हेनिस ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ते दर्शन होतं. आई मोठी झाली ती प्रभातच्या बाल्कनीत. आणि मी स्वतः १९९१-९२ मध्ये, नवं लग्न झालेलं असताना, सासूबाईंबरोबर 'माहेरची साडी' पाहायला तिथेच गेले. तो चित्रपट प्रभातला महिनोन्महिने मुक्काम ठोकून होता. भोर, सासवड, खेड, मुळशीकडून बायका गटागटाने यायच्या, कुणी डबे घेऊन, कुणी तान्ही पोरं घेऊन. त्या दिवशी माझ्या शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. मध्यंतरानंतर ती इतकी रडायला लागली की सासूबाईंनी न बोलता आपला रुमाल तिला दिला. सिनेमा संपल्यावर तिने तो घडी करून परत केला. "येते हं," म्हणाली. जणू आमच्याच घरी आली होती.

सिनेमा चांगला होता की भडक, यावर शहाण्यांनी पुष्कळ लिहिलंय. मला इतकंच माहीत आहे की त्या बाईला रडायला जागा हवी होती आणि ती प्रभातने दिली. घरात रडलं की कारण द्यावं लागतं.

डिसेंबर २०१४ मध्ये कराराची मुदत संपली आणि प्रभात मूळ मालकांकडे परत गेलं. पुढे ते 'किबे लक्ष्मी' या नावाने पुन्हा उघडलं. तिथे सिनेमा लागतो, याचा मला मनापासून आनंद आहे. किती थिएटरांच्या नशिबी तेवढंही आलं नाही. पण पत्ता सांगताना माझ्या तोंडून अजून प्रभातच येतं.

आता मामा.

मी आठ-नऊ वर्षांची असताना त्याने पहिल्यांदा मला केबिनमध्ये नेलं. नियमात बसत नव्हतं, म्हणून मागच्या लोखंडी जिन्याने, पायांचा आवाज न करता. आत दोन अवजड यंत्रं शेजारी शेजारी. उकाडा इतका की मामा बनियनवर. प्रत्येक यंत्राच्या डोक्यावरून पत्र्याचं धुराडं छतातून बाहेर गेलेलं. समोरच्या भिंतीत छोट्या चौकोनी खिडक्या. एका खिडकीतून उजेड बाहेर जाणार, दुसरीतून मामा पडद्याकडे बघणार.

"उजेडाकडे बघायचं नाही हां, बाळ. डोळे जातील," त्याने पहिलं हेच सांगितलं. मग एक काळी काच हातात दिली आणि यंत्राच्या बाजूची झडप किंचित उघडली. दोन कार्बनच्या कांड्या, एकमेकींच्या समोर, टोकाला टोक लागणार इतक्यात थांबलेल्या. त्या दोन टोकांमधल्या फटीत पांढराशुभ्र, निळसर झाक असलेला जाळ. काळ्या काचेतूनसुद्धा तो बघवत नव्हता. कांड्या जळत जळत आखूड होतात, फट वाढते, उजेड पिवळा पडतो. म्हणून त्या सतत पुढे सरकवत राहायच्या. यंत्र सरकवायचंच, पण मामाचा त्यावर विश्वास नव्हता. त्याचा हात कायम त्या मुठीवर. पडद्यावर नायिकेचा चेहरा जरा पिवळट दिसला की तो बोटभर मूठ फिरवायचा आणि तिचा चेहरा पुन्हा उजळायचा. खाली हजारभर माणसं बसलेली, त्यातल्या एकालाही हे कळायचं नाही.

रिळाचं गणित त्याने मला तोंडपाठ करून घेतलं होतं. एका सेकंदाला चोवीस चित्रं. एका फुटात सोळा चित्रं. म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपणार. ते संपायच्या आधी दुसऱ्या यंत्रावर पुढचं रीळ चढवून, कार्बन पेटवून तयार राहायचं. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं यंत्र सुरू करायचं. काही सेकंदांनी दुसरा ठिपका. तो दिसला की इकडची झडप बंद, तिकडची उघडी. "बघ, आला!" मामा म्हणायचा आणि त्याचे दोन्ही हात एकदम हलायचे. पडद्यावर गाणं चालूच राहायचं.

चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचा दाखला पडद्यावर यायचा, त्यावर रिळांची संख्या असायची, हजार फुटांचं एक रीळ धरून. ती वाचायला लोक टपलेले असत. 'अठरा रिळं!' अशी कुजबुज स्टॉलपासून बाल्कनीपर्यंत जायची. पैसे वसूल होणार म्हणून सगळे खूश. मामा मात्र अठरा रिळं म्हटली की हातातले मळके मोजे नीट चढवायचा.

एकदा मी त्याला विचारलं की ही पट्टी इतकी पळते, तर चित्र पुसट का दिसत नाही. त्याने यंत्र बंद असताना झाकण उघडून एक छोटं चाक दाखवलं, चार खाचांचं, अधिक चिन्हासारखं. "ती पळत नाही. एक चित्र दिव्यासमोर येतं, उभं राहतं, मग पुढचं येतं. सेकंदाला चोवीस वेळा थांबते ती. थांबते म्हणून तर दिसतं." यंत्राचा तो टकटक आवाज म्हणजे ते थांबणं होतं. आणि पट्टी तिथे खरोखरच अडकून राहिली, तर त्या आचेने चित्र जळायचं. पडद्यावर मधोमध तपकिरी फोड येऊन पसरत जायचा. मग खाली शिट्ट्या, बाकं बडवणं, आणि वर मामा घाईघाईने तुटलेली टोकं कापून, खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडतोय. ती कापलेली चित्रं आमची. आम्ही ती उन्हात धरून बघायचो. कुणाच्या वाट्याला नायक यायचा, कुणाच्या वाट्याला नुसतंच झाड.

पावसाळ्यातली एक संध्याकाळ मी विसरणार नाही. तेव्हा पुष्कळदा एकाच चित्रपटाची एकच प्रत दोन टॉकीजमध्ये मिळून चालवायचे. एकीकडे खेळ अर्धा-पाऊण तास आधी सुरू व्हायचा आणि तिकडची रिळं संपतील तशी एक मुलगा सायकलवरून पेटीत घालून इकडे आणायचा. त्या दिवशी मध्यंतर झालं आणि पुढची पेटी येईना. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. बाहेर मुसळधार. खाली लोकांचा संयम सुटला. ऑपरेटरच्या आईबहिणीचा उद्धार सुरू झाला. मी केबिनच्या कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. मामाने शांतपणे त्या आठवड्याचं समाचार चित्र पुन्हा चढवलं. कुठल्याशा धरणाचं उद्घाटन, मंत्री, फित कापणं. एकदा झालं, पेटी आली नाही, तर परत एकदा. पन्नास मिनिटांनी तो मुलगा आला. नखशिखांत भिजलेला, गुडघा फुटलेला. सायकल घसरली होती. पण पेटी त्याने शर्ट काढून गुंडाळली होती आणि रिळं कोरडी होती. मामाने आधी रीळ चढवलं. खेळ सुरू झाला. मग त्या मुलाला खुर्चीवर बसवून त्याच्या गुडघ्यावर स्वतःच्या रुमालाची पट्टी बांधली.

"इतक्या शिव्या दिल्या तुला," मी घरी जाताना रडवेली होऊन म्हणाले.

"अगं, पडदा पांढरा झाला की मगच त्यांना कळतं की वर कुणीतरी आहे," मामा म्हणाला. राग नव्हता त्याच्या आवाजात.

कॅम्पातल्या थिएटरांचं जग वेगळं. आमच्या पेठेतल्या घरात 'कॅम्पात सिनेमाला जाणं' म्हणजे जवळजवळ परगावी जाणं. पण ईस्ट स्ट्रीटवरच्या व्हिक्टरीची गोष्ट आजोबा आम्हाला आवर्जून सांगायचे. तेव्हा त्याचं नाव कॅपिटॉल. छावणीतले गोरे सोजीर तिथे इंग्रजी सिनेमे बघायला यायचे. बेचाळीसचा लढा पेटलेला. २४ जानेवारी १९४३ च्या रात्री कॅपिटॉलमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि काही ब्रिटिश सैनिक ठार झाले. पुण्यातल्या भूमिगत तरुणांचं ते काम होतं. त्यांतल्या भास्कर कर्णिक या तरुणाने दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी करताना स्फोटकं मिळवली होती. पकडला गेल्यावर सहकाऱ्यांची नावं तोंडातून जाऊ नयेत म्हणून त्याने फरासखाना पोलीस चौकीत विष घेऊन जीव दिला. फरासखान्यापाशी त्याचं स्मारक आहे. आजोबा तिथून जाताना टोपी काढायचे. सिनेमाचं थिएटर हे फक्त करमणुकीचं ठिकाण असतं, असं मला लहानपणापासून कधी वाटलं नाही, त्याला हीही गोष्ट कारण असेल.

आणि अलका! लोकमान्य टिळक चौक हे त्या चौकाचं खरं नाव. पण अनंत चतुर्दशीला रात्रभर जागणाऱ्या कुणालाही विचारा, मिरवणूक कुठवर आली? 'बेलबाग', 'विजय टॉकीज', 'अलका'. म्हणजे लक्ष्मी रोडवरून गणपती निघाला की त्याच्या वाटेवरचे टप्पेसुद्धा टॉकीजच्या नावाने मोजायचे. कॉलेजात असताना अलकाला इंग्रजी सिनेमे बघितले. निम्मे संवाद कळायचे नाहीत, पण बाहेर आल्यावर सगळं कळल्यासारखं बोलायचं. डेक्कनवरचं नटराज गेलं, तिथे मॉल उभा राहिला. बुधवारातलं ग्लोब श्रीनाथ झालं. तिथे आणि वसंतला जुने सिनेमे कमी पैशांत लागायचे, हमाल, हातगाडीवाले, गावाकडून एकटे कामाला आलेले लोक दुपारी तिथे बसायचे. उन्हातून दोन-तीन तास सुटका, पंखा, आणि पडद्यावर ओळखीचा नट. आमच्या घरातल्या बायकांनी त्या थिएटरांत कधी पाऊल टाकलं नाही, तशी पद्धतच नव्हती. पण त्यांच्याविषयी तुच्छतेने बोललेलं मला आजही खपत नाही. परवडेल अशा भाड्यात माणसाला टेकायला जागा देणारी ठिकाणं शहरात आता उरलीच किती?

भानुविलासला मराठी सिनेमा, नीलायमला मोठा हिंदी सिनेमा, राहुलला सत्तर एमएमचा भव्य पडदा, मंगलाला अमिताभ. ही वाटणी कुणी कुठे लिहून ठेवली नव्हती, पण प्रत्येकाला पाठ होती.

मग हे सगळं का गेलं? माणसं 'टीव्ही आला' एवढंच म्हणतात. टीव्ही आलाच. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी, फुकट आणि घरबसल्या. मग व्हिडिओ, मग केबल. पण त्याच्या जोडीला करमणूक कर होता, तिकिटातला मोठा वाटा तो खाऊन टाकायचा. हजार खुर्च्यांचं थिएटर दुपारी शंभर माणसांवर चालवायचं, दिवे, पंखे, नोकरमाणसं तेवढीच. आणि पायाखालच्या जमिनीची किंमत दर वर्षी वाढते आहे, वर चालणाऱ्या सिनेमाची नाही. जुनं थिएटर पाडलं तर नव्या इमारतीत काही प्रमाणात थिएटर ठेवायला हवं, असा नियम आपल्याकडे होता, म्हणून कित्येक मालकांना धड चालवताही येईना आणि धड विकताही येईना. रंग उडत गेले, खुर्च्या फाटत गेल्या. मालकांना नुसता दोष देणं मला जमत नाही. आम्ही जायचं बंद केलं, हेही तितकंच खरं. मी स्वतः मुलीला तिचा पहिला सिनेमा दाखवला तो मल्टिप्लेक्समध्ये.

आणि शेवटी रीळच गेलं. सिनेमा हार्ड डिस्कवर आला. दोन यंत्रं नकोत, ठिपका नको, कार्बन तर आधीच गेला होता. मामा त्याच्या आधीच निवृत्त झाला होता, ते बरंच झालं.

एका गोष्टीबद्दल मात्र मी त्याच्याशी कधी मुद्दाम बोलले नाही. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, फिल्म संग्रहालयाच्या कोठाराला आग लागली. जुन्या काळच्या नायट्रेट फिल्म्स तिथे होत्या, त्यांत प्रभातचा ठेवाही होता. नायट्रेट फिल्म फार लवकर पेट घेते आणि पेटली की विझत नाही. बातमी त्याने पेपरात वाचली. मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तर तो गप्प बसला होता. खूप वेळाने म्हणाला, "पाण्याने नाही गं विझत ती." पुढे काही बोलला नाही. मीही नाही.

गणपती झाल्यावर, दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, मुलगी म्हणाली, "मामाआजोबांना घेऊन जाऊ या का आर्यनला?" मामा आता पंच्याऐंशीचा आहे. काठी घेऊन चालतो, पण चालतो. सकाळी लवकर निघालो म्हणून आर्यनला जागा मिळाली. मुलीने गाडी लावली. मामा उतरला आणि बराच वेळ नुसता उभा राहिला. लहानपणी वडिलांचा हात धरून तो इथे पहिला सिनेमा बघायला आला होता. ऑपरेटर व्हायचं त्याने इथेच ठरवलं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सिनेमा चालू असताना तो पडद्याकडे पाठ करून, डोक्यावरून जाणाऱ्या उजेडाच्या झोताकडे बघत बसला होता म्हणे. झोतात धूळ तरंगत होती आणि वडील सारखे त्याची मान पुढे वळवत होते.

"पडदा कुठे होता, आजोबा?" मुलीने विचारलं.

मामाने आधी मंडईचा मनोरा कुठे दिसतोय ते पाहिलं. दोन पावलं डावीकडे सरकला. मग काठी उचलून दाखवलं, "तिकडे."

"आणि केबिन?"

तो सावकाश मागे वळला. मान वर केली. हाताने हवेत तिरपी रेघ ओढत, पडद्याच्या जागेपासून मागे मागे, वर वर नेत त्याने बोट थांबवलं ते वरच्या मजल्यावर. तिथे कठड्यापाशी एक स्कूटर उभी होती आणि कुणीतरी मुलगी हेल्मेट काढून केस सारखे करत होती.